बेटावर भेटलेली आपली माणसं

दोघांनीच जायचं, ही माझी एकच अट होती. टूरवाल्याचं पॅकेज नको आणि ह्यांच्या भावांचा गोतावळाही नको. लग्न झाल्यापासून आम्ही जिथे गेलो तिथे गाडी भरून गेलो. ओंकारेश्वर असो, शिर्डी असो, हे पुढे ड्रायव्हरशेजारी आणि मी मागे जावांच्या रांगेत. मुलगी सासरी गेली, मी शाळेतून निवृत्त झाले, हेही ऑफिसातून सुटले आणि बऱ्हानपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या घरात आम्ही दोघंच उरलो. म्हणजे म्हणायला दोघं. सकाळी ह्यांचे फिरायला जाणारे मित्र, दुपारी भाऊ, संध्याकाळी कुणाच्या तरी दुकानावर बैठक. जेवताना समोर बसले की मोबाइल. आमच्यात बोलण्यासारखं काही शिल्लक आहे की नाही, एवढंच मला बघायचं होतं. आठवडाभर हा माणूस माझ्या एकटीच्या वाट्याला यावा, म्हणून मी अंदमान निवडलं. म्हटलं, चारी बाजूंनी समुद्र, तिथे कोण कुठून येणार!

सुरुवात इतकी चांगली झाली की मीच फसले. पोर्ट ब्लेअरला सरकारी बोटीच्या तिकिटासाठी हे उन्हात रांगेत उभे राहिले. मी पिशव्यांजवळ बसले होते, तर हे अधूनमधून मागे वळून माझ्याकडे बघत होते. बोटीवर आम्ही कठड्याला टेकून उभे होतो. पाणी बघता बघता हे एकदम म्हणाले, "लहानपणी मी दापोऱ्याला, मामाच्या गावी, तापीत बुडता बुडता वाचलो, तुला सांगितलं का कधी?" कधीच सांगितलं नव्हतं. मग सगळं सांगितलं. पायाखालची वाळू कशी सरकली, मामाने केसाला धरून कसं ओढलं, घरी कळू नये म्हणून दोघांनी चड्ड्या दगडावर कशा वाळवल्या. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, बरं झालं आपण हट्ट धरला.

हॅवलॉकला उतरलो. हे बेट तसं लहान. रिक्षावाले तोंडाला येईल ते भाडं सांगत. जवान पोरं भाड्याच्या स्कूटरवर भुर्रकन जात. ह्यांचा हात आता स्कूटरवर बसत नाही, म्हणून आम्ही सरकारी बसवर आणि पायांवर भिस्त ठेवली. सुपारीच्या बागांमधून चाललो, थकलो की पुलाच्या कठड्यावर बसलो. फक्त ह्यांच्या जेवणाचे हाल होते. जिथे जावं तिथे मासळीचा वास. दोन दिवस ब्रेड आणि केळी. ती केळी हातात घेऊन हे दुकानदाराला म्हणाले, "ये क्या केला है? हमारे शाहपुर का केला देखो एक बार." दुकानदाराने मान हलवली. मी हसले, हेही हसले. असं आम्ही दोघंच किती दिवसांनी हसलो होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या किनाऱ्यावर जायला आम्ही जेट्टीपाशी बसची वाट बघत होतो. शेजारी एक टूरची गाडी येऊन थांबली. त्यातून उतरणाऱ्या एकाने ह्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"काय भाऊ, कुठले म्हणायचे?"

"बऱ्हानपूरचे. तुम्ही?"

"रावेर! अरे, मंग तं आपलेच झाले तुम्ही!"

झालं. दहा मिनिटांत नातंही निघालं. त्यांच्यातल्या एकाच्या बहिणीचं सासर शाहपूरचं, आणि तिच्या दिराच्या लग्नात हे जेवून आलेले. आपल्याकडच्या माणसांचं हे असंच. चंद्रावर सोडलं तरी तिथे सोयरीक काढतील. "हाटेलात काय खाता? आमच्यासंग आचारी हाय. आज भरीत न् कळण्याच्या भाकरी," तो म्हणाला. दोन दिवस एवढा निळा समुद्र बघून ह्यांचा चेहरा खुलला नव्हता, तो भरताच्या नावाने खुलला.

"चल, त्यांच्या गाडीत जागा आहे."

"आपण दोघांनीच फिरायचं ठरलं होतं ना?"

"अगं, आपलेच लोक आहेत. परके का आहेत?"

"परके असते तर चाललं असतं," मी म्हणाले. ते ह्यांना कळलंच नाही. तेवढ्यात गाडीतून एक बाई ओरडल्या, "वहिनी, तुम्ही बी या. वांगे भाजाले हात लागतीन!"

मी म्हणाले, मी बसने जाते. मला वाटलं, हे रागावतील, हट्टीपणा करतेस म्हणतील, निदान थोडा वेळ घुटमळतील. हे म्हणाले, "बरं, सांभाळून जा," आणि गाडीत बसले. भांडले असते तरी चाललं असतं. इतक्या सहज सोडून दिलं, याचा मला जो संताप आला तो आजही लिहिताना येतो.

बस आली. मी सवयीने खिडकीकडे धावले आणि रुमाल आत टाकला. आमच्या स्टँडवर बस लागली की दाराकडे जातो तो मूर्ख. रुमाल, पिशवी, वेळ पडली तर चप्पल, काहीही खिडकीतून सीटवर टाकायचं, की जागा आपली. मी दाराने चढले तर एक बंगाली बाई माझा रुमाल झटकून, घडी करून उभी. "दीदी, आपका रुमाल गिर गया था." बस निम्मी रिकामी होती. मला हसू फुटलं. मी बाजूच्या सीटकडे वळले, सांगायला. तिथे कोणी नव्हतं. मग मी बाहेर बघत बसले आणि कंडक्टरला दिसू नये म्हणून त्याच रुमालाने डोळे पुसले.

त्या किनाऱ्यावर मी दिवसभर होते. रावेरवाल्यांची गाडी काही तिकडे फिरकली नाही. उंच झाडांच्या सावलीत बसले, सलवार वर खोचून पाण्यात गेले, एका लाटेने लोळवलं, चष्मा कसाबसा वाचला. त्या बाजूला दिवस लवकर मावळतो हे माहीत असून विसरले. पाच वाजता सूर्य बुडाला, परतीची बस येईना. शेवटी नारळ नेणाऱ्या एका टेम्पोला हात केला. ड्रायव्हरशेजारी त्याची बायको होती. तिघं दाटीवाटीने बसलो आणि त्यांनी मला जेट्टीपर्यंत सोडलं.

हे जेट्टीजवळच, रावेरवाल्यांच्या हॉटेलच्या अंगणात पत्ते खेळत होते. "आलीस का? जेवून घे, भरीत झकास झालंय," म्हणाले. कशी आलीस, विचारलं नाही. टेम्पोचं मीच सांगितलं, तर "हं" म्हणून पान टाकलं. उरलेले दिवस आम्ही त्यांच्याच गाडीतून फिरलो. मला आता कशाचीच हौस राहिली नव्हती.

घरी आल्यावर पुढच्या रविवारी ह्यांची मित्रमंडळी प्रवास ऐकायला जमली. हे रंगात आले होते. "तिकडे पाचलाच अंधार. बस नाही, रिक्षा नाही. मग काय केलं? नारळाच्या टेम्पोत चढलो! ही घाबरली. म्हटलं, मी आहे ना!"

मी दारात उभी होते. म्हणाले, "तुम्ही कुठे होता? तुम्ही तर पत्ते खेळत होता."

सगळे खो खो हसले. "भाभी भारी मजाक करते यार," एक जण म्हणाला. हेही हसले. खरं सांगते, ह्यांनी थाप मारली असं मला आजही वाटत नाही. आपण तिथे होतो असंच ह्यांना वाटत असणार.

मंडळी गेल्यावर हे म्हणाले, "चारचौघांत असं बोलतात का?"

"मग कधी बोलायचं? आपण दोघंच असे कधी असतो?"

ह्यांनी घरभर नजर फिरवली. "आता आहोत ना," म्हणाले. मोबाइल बाजूला ठेवला, खुर्ची माझ्याकडे वळवली. "बोल."

हे खरंच थांबले होते, ऐकायला. मी समोर बसले. ह्यांना सांगावंसं काही मला सापडेना.