हौसाबाईंना कळलं का?

फादर मात्याशांनी माझ्या प्रकरणाचे माझ्यासमोरच चार तुकडे केले आणि अस्सल पुणेरी थंडपणाने म्हणाले, "अहो, हे विद्वानांना द्या. त्यांना कळलं नाही तरी ते मान डोलावतात."

मी हादरलोच. विद्यापीठात पहिला आलेला मी, हवेच्या दाबावर मराठीत लिहिलेलं माझं पहिलंच प्रकरण, आणि ते फाडणारा माणूस मूळचा हंगेरीचा! फादर जेझुइट धर्मगुरू. आमच्या कॉलेजात चाळीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होते. त्यांच्या देशात पूर्वी एका जेझुइट मास्तरांनी लॅटिन बाजूला सारून लोकांच्या हंगेरियनमध्ये विज्ञान लिहिलं होतं. "त्यांनी तिकडे केलं, मी इकडे करतो. त्यात काय मोठंसं?" असं म्हणत फादर मराठीत पुस्तकं लिहीत आणि त्यांतली काही प्रकरणं माझ्याकडून लिहून घेत.

त्यांच्या परीक्षक ठरलेल्या होत्या: मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या, कात्रजच्या हौसाबाई. प्रत्येक प्रकरण फादर आधी त्यांना वाचून दाखवत. भाजी चिरता चिरता त्या म्हणाल्या, "कळलं नाय फादर, परत सांगा," की पान फाटलंच. "ऐकणाऱ्याला कळलं नाही, तर चूक सांगणाऱ्याची," हे फादरचं वाक्य ऐकत मी ते प्रकरण सहा वेळा लिहिलं. शेवटी फादरनी पाण्याने काठोकाठ भरलेल्या पेल्यावर पोस्टकार्ड ठेवलं आणि पेला उलटा धरला. थेंब सांडला नाही. "आस्सं व्हय! ह्यो हवेचा दाब!" हौसाबाई म्हणाल्या. मी तेवढंच लिहिलं, आणि ते पास झालं.

गेल्या वर्षी फादरना पक्षाघात झाला. नव्या पुस्तकाची प्रुफं घेऊन मी हौसाबाईंबरोबर दवाखान्यात गेलो. फादर बोलू लागले. ते फक्त हंगेरियन बोलत होते. मराठी पार पुसली गेली होती. मी त्यांचीच वाक्यं वाचून दाखवली, ती त्यांनी परक्यासारखी ऐकली. ते पुनःपुन्हा काहीतरी सांगत होते आणि ते समजणारं पुण्यात कुणीही माझ्या माहितीत नव्हतं. मी चक्क रडलो.

हौसाबाईंनी स्टूल ओढलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "कळलं नाय फादर, परत सांगा."

फादर बोलायचे थांबले. तो सूर त्यांना ओळखीचा वाटला असावा. त्यांनी डाव्या हाताने उशाजवळचा पाण्याचा पेला उचलला आणि माझ्या हातातल्या प्रुफांकडे पाहिलं. हौसाबाईंनी त्यातलं एक पान ओढून पेल्यावर ठेवलं. फादरनी थरथरत पेला उलटा केला.

सगळं पाणी पांघरुणावर सांडलं.

फादर हौसाबाईंच्या तोंडाकडे पाहत राहिले. बाईंनी पदराने पाणी टिपलं.

"कळलं, फादर," त्या म्हणाल्या. "हवेचा दाब."