काळ्या पाण्यापलीकडचा जावई

कापसाच्या गाड्यांची धूळ खात मी अमरावती सोडली. त्या साली कापसाला सोन्याचा भाव. माणसाला बसायला गाडी मिळेल तर शपथ! शेवटी कापसाच्या गाठींवर बसून निघालो. पुढे वाटेत आगगाडी धरली, मुंबईला जहाज. मी कचेरीतला अर्जनवीस (लोकांचे अर्ज लिहून देणारा), आणि निघालो होतो अंदमानला.

कारण एक सरकारी कागद. बंडवाल्यांना भाकर दिली म्हणून काळ्या पाण्यावर गेलेला आमचा जावई जिवंत आहे आणि बायकोला बोलावतो आहे, असं त्यात होतं. कित्येक वर्षं पत्र नाही, म्हणून त्याचा पळसविधी (बेपत्ता माणसाचा पळसपानांचा पुतळा करून दहन) मीच केला होता. त्याची बायको, माझी बहीण काशी, तेव्हापासून विधवा. कागद एखाद्या तोतयाचा निघाला तर? डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिला सांगायचा धीर होईना.

बंदरावर उतरलो तर सगळं चिडीचूप. शेकडो माणसं काम करत होती, गळ्यात कैद्याचे लाकडी बिल्ले, पण कुठे कुलूप नाही, भिंत नाही. मला न्यायला आलेल्या जमादाराच्या गळ्यातही बिल्ला! समोरच्या बेटावरचा साहेब इथला राजा आणि न्यायाधीश; जमीन तोच देतो, लग्नाची परवानगीही तोच. खालचे जमादार, गावचे चौधरी सगळे कैदीच. मालकी निजामाची आणि कारभार साहेबाचा, अशा वऱ्हाडात राहून मी बरंच पाहिलं होतं. हे मात्र नवीनच. कोयत्याने नारळ सोलत जमादार सहज म्हणाला, भावाला मारून आलो. त्याने पुढे केलेला नारळ मी तसाच खाली ठेवला.

जंगलाकडेच्या गावाचा चौधरी म्हणजेच आमचा जावई. तीच तुटकी भुवई. तोतया नव्हता. मी रडत रडत सगळं कबूल केलं. त्याने विचारलं,

"कोन्त्या दिवशी जाळलं मले, भाऊ?"

"वैशाखातल्या अवसेला."

"त्याच अवसेले माहं अंग भाजून राहिलं होतं. वैद्य म्हने, ताप तर नाही."

भर दुपारी अंगावर काटा आला. काशीला पाठवा, एवढंच तो पुढे म्हणाला.

परतलो तेव्हा न्हावी ओसरीवर वस्तरा परजत होता. काशीचं डोकं करायला भाऊबंद त्याला महिन्याच्या महिन्याला पाठवत. मी त्याला हाकललं आणि तिला सगळं सांगितलं. भटजींना विचारलं, तर त्यांचं म्हणणं, जळालेला माणूस स्वतः येऊन विधी करील तेव्हाच जिवंत. तो तर येऊ शकत नाही. म्हणजे अमरावतीत तो मेलेलाच राहणार, आणि हे माझ्याच हातानं झालेलं.

काशी चुलीपुढे बसून ऐकत होती. तिथल्या राज्याबद्दल तिने एकच गोष्ट विचारली.

"तिथं न्हाव्याले कोन पाठवते, दादा?"

"तिथं साहेबाच्या हुकमाशिवाय कुणी कुणाकडे जात नाही."

"मग मी जाते," म्हणाली, आणि डोक्यावरचा पदर तिने मागे सारला.