अक्काचे कॉफीचे पेले

हेब्बाळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या आखडलेल्या पाठीवर पेला चिकटवला आणि जळक्या कापसाचा वास आला. साठ वर्षांपूर्वी, माझं पहिलं दुकान उघडायच्या आदल्या दिवशी माझी पाठ अशीच धरली होती. थोरली बहीण, अक्का, कॉफीच्या पितळी पेल्यांत पेटता कापूस फिरवत होती.

"तीनच लाव," मी दरडावलं.

"सरी, तीनच," तिने कानडीत होकार दिला.

पेले कातडी ओढत चिकटले. मी ओरडत मोजले. पाच!

"अक्का, फसवलंस!"

"उद्या गिऱ्हाइकांना फसवायला ताठ उभा तरी राहशील."

राहिलो. सौद्यात मला हरवणारी ती एकटीच, आणि तो राग अजून गेलेला नाही.

आज बाई तीन पेल्यांवर थांबल्या. मीच म्हणालो, "अजून दोन लावा."