सुनंदानं न विकलेला पाइप

सुनंदा गेल्याचा फोन तिच्या यजमानांनी केला. लेकीनं, मुक्तानं, नाही. ती कितीतरी दिवस माझ्याशी बोलत नव्हती... फोन ठेवला आणि गॅसवरचं दूध उतू जाताना मी नुसती बघत राहिले.

शाळेपासूनची आमची मैत्री. वडिलांमागे बिबवेवाडीतलं पाइपांचं दुकान सुनंदानं चालवायला घेतलं, तेव्हा गिऱ्हाईक आत डोकावून विचारायचं, "कोणी पुरुषमाणूस नाही का?" "आहेत की. घरी भाजी निवडतायत. पाइप मीच विकते." तोंडाची अशी फटकळ, पण मालाबद्दल कधी खोटं बोलली नाही. लोखंडी पाइपवरचा पिवळा पट्टा म्हणजे हलका, निळा मध्यम, लाल जड, हे ती न विचारता सांगायची. रेलिंगचं स्टील घ्यायला खिशात लोहचुंबक घालून येणाऱ्यांची तर फिरकीच घ्यायची. चुंबक चिकटलं नाही की माल अस्सल, अशी त्यांची ठाम समजूत. "अहो, दोनशे दोन ग्रेडच्या स्वस्त स्टीललाही चिकटत नाही आणि तीनशे चारच्या चांगल्यालाही नाही. गंज कुणाला चढतो ते पावसाळ्यात कळतं. हा दोनशे दोन आहे. घरातल्या जिन्याला लावा, गच्चीत नको." कधीकधी हातचं गिऱ्हाईक जायचं. जाऊ दे, म्हणायची.

अशा बाईला तिच्याच घरात सांगितलं होतं, की पोटात अल्सर आहे. आई खचेल म्हणून मुक्ताचा तसा हट्ट होता. एका दुपारी आम्ही दोघीच असताना सुनंदानं विचारलं, "काय झालंय मला? तू तरी नीट सांग." मी कॅन्सर म्हणाले. किती पसरलाय तेही सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस." मुक्ताला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मावशी, यापुढे येऊ नका." मी गेले नाही. सुनंदाचा फोन यायचा. दर वेळी आवाज आणखी बारीक झालेला असायचा. सांगितल्याचं मला वाईट वाटलं नाही, पण तिचा हात हातात घ्यायचा राहून गेला, याचं फार वाटतं.

परवा मुक्तानं दुकानात बोलावलं. मागच्या खोलीत स्टीलच्या पाइपांचे कापून उरलेले तुकडे असतात. ग्रेड पाइपवर छापलेली असते. तो भाग कापून गेला की उरलेले सगळे दिसायला एकसारखे. कोणता कशातला, हे फक्त सुनंदाच्या डोक्यात. आता प्रत्येक तुकड्यावर तिच्या अक्षरात मार्करनं लिहिलेलं होतं. २०२. ३०४. ३१६, खाऱ्या पाण्यासाठी हाच. पुढे पुढे अक्षर तिरकं होत गेलेलं.

"बाबा आईला रिक्षानं घेऊन यायचे. तुकडा तिच्या मांडीवर ठेवायचे, ती लिहायची," मुक्ता म्हणाली. "तुम्ही सांगितलं नसतं तर..." मी तिला जवळ घेतलं.

कोपऱ्यात एक चांगला लांबलचक, चकचकीत, पण छाप नसलेला पाइप वेगळा ठेवला होता. त्यावर लिहिलं होतं, 'आठवत नाही. विकू नये.'

मुक्तानं तो पदरानं पुसला आणि पुन्हा जागच्या जागी ठेवला.