परत म्हणून दाखव

मालट्रकांच्या ऑफिसात नोकरी केलेल्या माणसाकडं किस्से आपोआप साठतात. सत्तरच्या दशकात मी वरवंडला हायवेवरच्या अशाच एका ऑफिसात क्लार्क होतो. मालक करीममामा. बोलायचं कसं आणि ऐकायचं कसं, हे मला त्या माणसानं शिकवलं. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

एकदा शिरूरला न्यायचं खत आमचा ड्रायव्हर गौतम सवयीनं दौंडला घेऊन गेला. आता याची काही धडगत नाही, असं आम्हाला वाटलं. मामा म्हणाले, "चूक माझी हाय. मी सांगितलं, पर त्यानं काय ऐकलं ते इचारलंच न्हाई."

त्या दिवसापासून नियम झाला. निरोप मिळाला की तो परत म्हणून दाखवायचा. सूट कुणालाच नाही.

*

पुण्याच्या एका बड्या शेठचा ट्रंक कॉल आला. गाडी कधी पोचेल ते सांगून मामा म्हणाले, "आता तुम्ही म्हणून दाखवा." शेठ भडकला, मी काय शाळेत आहे का म्हणाला. मामा रिसीव्हर कानाला लावून गप्प बसले. कॉलची वेळ संपत आली तसं शेठनं मुकाट्यानं म्हणून दाखवलं. पुढं पुढं तर तो न सांगताच म्हणायला लागला.

*

भांडगावच्या आमच्या गोदामात फोन नव्हता. तिकडचा निरोप एसटीच्या कंडक्टरकडं द्यायचा. मामा खिडकीशी उभे राहून त्याच्याकडून तो म्हणवून घ्यायचे, तोवर गाडी खोळंबायची.

एकदा भांडगावला पोचेपर्यंत कंडक्टर सगळं विसरला. तेव्हा मागून अख्खी एसटी ओरडली, "कांदा भरू नका, ट्रक उद्या येणार हाय!"

*

माझी बायको पहिल्या बाळंतपणाला दौंडला माहेरी गेली होती. एका सकाळी निरोप आला, ती अडली आहे, डॉक्टरांना काही सांगता येत नाही. मामांनी गौतमला ट्रक काढायला सांगितला. "दौंड. शिरूर न्हाई," गौतमनं म्हणून दाखवलं.

मी ट्रकमध्ये चढणार, तेवढ्यात फोन वाजला. माझ्याच्यानं तो उचलवेना. मामांनी उचलला, ऐकून घेतला आणि नियमाप्रमाणं मोठ्यानं म्हणून दाखवला, "पोरगी झाली. दोघी सुखरूप हायेत."

मग सवयीनं माझ्याकडं वळले. "आता तू म्हण."

मी तोंड उघडलं. शब्दच फुटेना.

मामांनी रिसीव्हर खाली ठेवला. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, "पोचला निरोप."