टीव्ही लागला की निघू

आमच्या घरचे, म्हणजे माझा नवरा, ट्रॅव्हल्सच्या बसवर ड्रायव्हर होते. सांची, सारनाथ, बुद्धगया, कुशीनगर, सगळीकडे त्यांनी नागपूरची माणसं नेली. लोकांच्या आया, लोकांच्या सासवा. मी कधी गेले नाही. आधी मुलगा लहान होता, मग सासू अंथरुणाला खिळली, आणि ती गेल्यावर मला घराबाहेर पडायची सवयच राहिली नव्हती. शिवाय बसमध्ये बसलं की मला ओकारी होते. हौस नव्हती, हे खरं कारण.

काम सोडल्यावर त्यांनी एका शाळेची जुनी बारा सीटची गाडी आणली आणि नागपूरच्या कडेला, बेशाला आमच्या घरासमोर उभी केली. सगळ्या सीटा काढल्या. मागे पलंग ठोकला, मध्ये गॅसची शेगडी, बाजूला पाण्याची टाकी. खिडक्यांना मी माझ्या जुन्या साड्यांचे पडदे शिवले. गल्लीतल्या बाया येऊन बघायच्या आणि म्हणायच्या, काकू, तुमची मजा आहे. मी म्हणायची, स्वयंपाक तिथंही मलाच करायचा आहे.

जानेवारीत त्यांचा आवाज बसला. खोकल्याचं औषध घेऊन महिना काढला. मग मुलगा रामदासपेठेत दवाखान्यात घेऊन गेला. घशात गाठ निघाली. तीस वर्षं तंबाखूचा खर्रा खाल्ला होता, त्यामुळे मला फार आश्चर्य वाटलं नाही. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं लवकर सुरू करा, उशीर करू नका. घरी आल्यावर त्यांनी चहा घेतला. मग म्हणाले, "आधी तुले बुद्धगयेले नेतो. वीस दिवसांत वापस येऊ. मग घेतो इंजेक्शन."

"इंजेक्शन आधी," मी म्हटलं.

"इंजेक्शनानं मी पडून राहीन वं. मग कोण चालवन गाडी?"

मुलगा मिहानमधल्या एका कंपनीत कामाला आहे. तोही समजावून थकला. ते ऐकत नव्हते. मी वाद घालणारी बाई आहे, पण त्या दिवशी वाद घालून उपयोग नाही हे मला कळलं. म्हणून मी वेगळंच बोलले. म्हटलं, "त्या गाडीत टीव्ही नाही. माझी मालिका चुकते. टीव्ही नसन तर मी येत नाही."

मला वाटलं, ते चिडतील आणि विषय संपेल. ते चिडले नाहीत. म्हणाले, "एवढंच ना? टीव्ही लागला की निघू."

दुसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले. घराच्या गच्चीवरची डिश काढून गाडीच्या टपावरच्या कॅरिअरवर बसवायची होती. गाडी चालू असताना वाऱ्याने उडू नये म्हणून आडवी पडणारी आणि थांबल्यावर उभी करता येणारी. लोखंडी पाइप कापून तसा स्टँड त्यांनी स्वतः केला. टपाला भोक पाडायचं नाही म्हणाले, पावसात गळेल. वायर मागच्या खिडकीच्या रबराखालून आत आणली, पलंगाच्या कडेने पट्ट्या मारत पुढे नेली. टीव्हीसाठी वेगळी बॅटरी ठेवली, नाहीतर आपण टीव्ही बघत बसू आणि सकाळी गाडीच सुरू होणार नाही. हे सगळं मला ते घोगऱ्या आवाजात समजावून सांगायचे. मी चौथी पास. पण बाजूला उभं राहून शिकले.

डिश फिरवायची रीत मात्र आमची जुनी. साधा अँटेना होता तेव्हापासून ते वर आणि मी खाली. ते फिरवायचे, मी ओरडायची, आलं, गेलं, थोडं मागे. आता सेट-टॉप बॉक्स जोडला की टीव्हीवर दोन पट्ट्या येतात. वरची पट्टी नुसती वायर जोडली तरी भरते, तिचा काही उपयोग नाही. खालची क्वालिटीची. ती भरली की चित्र लागलं. तिच्यापुढे आकडा असतो, तो मी वाचून सांगायचा. त्यांना ओरडता येत नव्हतं, म्हणून ते टपावर पाना ठोकायचे. एक ठोका म्हणजे किती ते सांग.

पहिले दोन दिवस खरंच काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी वायरीची पिन उघडली. बाहेरच्या जाळीची केसाएवढी एक तार आतल्या तांब्याला चिकटली होती. ती काढली, पिन पुन्हा बसवली आणि वर चढले. दक्षिणेकडे तोंड करून डिश हळूहळू पूर्वेला कलवायला लागले.

मी गाडीत पलंगावर बसून बघत होते. शून्य. शून्य. बारा. मग एकदम बासष्ट. खालची पट्टी हिरवी झाली.

टपावर ठोका पडला.

मी म्हटलं, "शून्य."

विचार करून म्हटलं नाही. तोंडातून निघालं. ते पुढे सरकले, पट्टी रिकामी झाली. पुन्हा ठोका. आता शून्य होतंच. तेव्हा मी खरं तेच सांगितलं.

त्यानंतर चार दिवस मी हेच केलं. ते सकाळी दहाला चढायचे, बाराला उतरायचे. फेब्रुवारी संपत आला होता, ऊन लागत होतं. डोक्याला गमछा, हातात पाना. आकडा चढला की मी शून्य सांगायची आणि ते तिथून पुढे निघून जायचे. उतरून स्वतः बघावं असं त्यांच्या मनात आलं नाही. इतक्या वर्षांत मी कधी खोटा आकडा सांगितला नव्हता.

शेजारचे भाऊ एकदा कामावर निघता निघता थांबले. म्हणाले, "काकू, मी पाहू का आत? तुम्हाले दिसत नसन."

मी म्हटलं, "चष्मा आहे ना मले. तुम्ही जा जी, उशीर होईल तुम्हाले."

वरून हे हसले. खरखरत म्हणाले, "तिले काय म्हणता गा, मालिकेतल्या साऱ्या सुनांचे दागिने दिसतात तिले, आकडा नाही दिसणार?"

भाऊही हसले आणि गेले.

त्यातल्या चौथ्या दिवशी उतरताना त्यांचा पाय शिडीवरून घसरला. पडले नाहीत, मी धरलं. हाताला हलके लागले. एवढे हलके झालेत हे मला तोवर कळलं नव्हतं. गाडीच्या पायरीवर बसून पाणी प्यायले, प्रत्येक घोटाला मान खाली घालून. मग म्हणाले, "काहून येत नसन? समजून नाही राहिलं. जाऊ दे. आधी इंजेक्शन घेऊ."

मला हेच हवं होतं. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

इंजेक्शनं सुरू झाली. पहिल्या दोन वेळा ते चालत गेले, चालत आले. तिसऱ्यानंतर केस गेले, चौथ्यानंतर चालणं. पाचवं डॉक्टरांनी दिलंच नाही. म्हणाले, शरीर साथ देत नाही, घरी ठेवा, जे मागतील ते द्या. मी विचारलं, फेब्रुवारीत वीस दिवस उशीर झाला असता तर काय झालं असतं? त्यांनी फाइल मिटली. म्हणाले, आजी, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. बहुतेक फार फरक पडला नसता.

फार फरक पडला नसता. हे वाक्य घेऊन मी घरी आले.

मे महिना होता. कूलर चालू होता, त्यांचा पलंग खिडकीपाशी सरकवला होता. तिथून गाडी दिसायची. टपावर डिश आडवी पडलेली. दुपारी ते तिच्याकडे बघत होते आणि बारीक आवाजात म्हणाले, "त्या डिशच्या डबीत, एलएनबीतच फॉल्ट असन. नवीन टाकून पाहायले पाहिजे होतं."

मरणाऱ्या माणसाने ती डिश डोक्यात घेऊन पडून राहावं, हे मला सहन झालं नाही. मी सांगून टाकलं. तिसऱ्याच दिवशी बासष्ट आलं होतं, रोज येत होतं, मी शून्य म्हणत होते. तुम्ही दवाखान्यात जावं म्हणून.

ते डिशकडेच बघत राहिले. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग म्हणाले, "चार दिवस उन्हात चढवलं तू मले."

"हो."

"आपण गेलो असतो."

"हो जी."

"मी चालवली असती तेव्हा." एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

लोक सांगतात, अशा वेळी माणूस सगळं विसरतो, हात हातात घेतो. आमच्याकडे तसं झालं नाही. संध्याकाळी मी मिक्सरमधून काढलेला वरण-भात घेऊन गेले तर त्यांनी ओठ मिटून घेतले. मुलगा घरी आल्यावर त्याच्या हातून चार चमचे खाल्ले. दुसऱ्या दिवशीही तेच. तो कामावर गेल्यावर दिवसभर उपाशी राहिले, माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. मी वाटी घेऊन बसायची आणि उठायची. रडले नाही. माझंच केलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा वाटी घेऊन बसले. बराच वेळ ते छताकडे बघत होते. मग माझ्याकडे न बघता तोंड उघडलं. मी चमचा दिला. गिळायला त्रास झाला, पण गिळलं. पुन्हा तोंड उघडलं. सहा चमचे खाल्ले.

मला माफ केलं, असं मी म्हणणार नाही. तसं काही ते बोलले नाहीत. मुलगा घरी नव्हता, आणि त्यांना भूक लागली होती. त्यानंतर नऊ दिवस ते माझ्याच हातून जेवले.