दामू मेहेरचा डावा हात

समुद्रकाठच्या मुरबे गावचा दामू मेहेर मुंबईच्या एका क्लबात अठ्ठावीस वर्षं टेनिसचा मार्कर होता. मार्कर म्हणजे मेंबरांशी पगारावर खेळणारा, त्यांना शिकवणारा. पैसे घेऊन खेळतो म्हणून मेंबरांच्या स्पर्धेत त्याला मज्जाव. वर्षातून एकदा मार्करांचेच सामने होत. ते त्याने चारदा जिंकले.

१९६२ साली त्याचा उजवा खांदा गेला. हात डोक्यावर जाईना. क्लबाने निरोप दिला, दामू गावी परतला.

बायको गोदूबाई सुके बोंबील विकायची. दामू जाळी विणायला बसला, पण मन लागेना. एके दिवशी ओहोटीला मासळीच्या गोदामाच्या भिंतीपुढे उभा राहिला आणि डाव्या हातात रॅकेट धरून चेंडू मारू लागला. दहातले आठ भलतीकडे.

"उजवा मोडला, आता डावा पन मोडता काय?" गोदूबाई म्हणाली.

"डाव्याला आजून कोनी शिकवलाच नाय," दामू म्हणाला.

दोन वर्षं तो रोज भिंतीपुढे उभा राहिला. त्याच सुमारास जवळच्या तारापूरला अणुवीज केंद्राचं काम सुरू झालं. वसाहतीत टेनिस कोर्ट झालं, शिकवणारा हवा होता. दामू सायकलने गेला. कोर्टाचा कारभार पाहणारे कृष्णकांत नावाचे इंजिनिअर स्वतःच त्याच्याशी खेळले. दामूचे फटके छान पडले, पण सर्व्हिस एकही जाळ्यापलीकडे जाईना.

"सर्व्हिस येत नाही, मग शिकवणार काय?" कृष्णकांत म्हणाले.

दामूचे कान तापले. "महिन्यानं परत येतो, साहेब. तोवर कुणाला ठेवू नका."

"महिनाभर थांबतो. जास्त नाही."

घरी येऊन त्याने वाळूत दोन बांबू रोवले, मध्ये जुनं जाळं ताणलं. रोज दोनशे सर्व्हिस. डावा खांदा सुजला की गोदूबाई बडबडत तेल चोळायची. तिसाव्या दिवशी तो पुन्हा कोर्टावर उभा राहिला. पहिल्या दोन सर्व्हिस जाळ्यात गेल्या. तिसरी रेषेवर पडली. कृष्णकांतांची रॅकेट तिथवर पोचलीच नाही.

"सोमवारपासून या," ते म्हणाले.

नवऱ्याला खऱ्या कोर्टावर खेळताना गोदूबाईने कधी पाहिलं नव्हतं. एका सकाळी ती मासळीची टोपली घेऊन तारापूरला आली आणि कुंपणाशी थांबली. दामू एका मेंबरबाईंना, उषाताईंना, बॅकहँड शिकवत होता. शिकवणी संपल्यावर तो कुंपणापाशी आला.

"जिकलाव काय?"

"इथं जिकायचा नसते, शिकवायचा असते."

"पन जिकला असता?"

दामूने मागे वळून पाहिलं. उषाताई लांब गेल्या होत्या.

"हां," तो म्हणाला, "सहज."